वेताळाची अट

आषाढातला रविवार. पहाटेपासून लागलेल्या पावसाने क्षणाची उसंत घेतली नव्हती. वीज गेलेली, गळक्या कौलाखाली घंगाळ मांडलेले आणि आमच्यापुढे आठवीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा! पाच उत्तरपत्रिका तपासल्या की एक गोष्ट वाचावयाची, असा करार आम्ही स्वतःशीच करून टाकला. गोष्ट अर्थात 'चांदोबा'तली, विक्रम-वेताळाची. आजोळच्या पेटीतून आलेले ते कसर लागलेले बांधीव अंक आम्ही कितव्यांदा उघडीत होतो, हे न विचारणेच बरे.

१९४७ साली मद्रासेहून तेलुगू व तमिळ भाषांत निघालेले हे मासिक १९५२ मध्ये मराठीत अवतरले. आता ते बंद पडले आहे; खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेतलेला तो राजा रेखाटणारे चित्रकार शंकरही २०२० साली निवर्तले. मूळ वेतालकथा पंचवीसच. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने त्या 'कथासरित्सागरा'त गुंफल्या आणि त्यातला राजा गोदातीरीच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा! 'चांदोबा'तला वेताळ मात्र पंचविसांवर थांबला नाही. दरमहा नवी गोष्ट, नवा प्रश्न.

बालपणी आमचा एक घोटाळा होई. आमच्या गोव्यात वेताळ हा देव. लोलयेत, आमोण्यात, प्रियोळात त्याची देवळे आहेत. रात्री गावाची राखण करीत फिरताना त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. असा राखणदार झाडाला उलटा का लोंबकळतो, असे आम्ही आजीस विचारले, तेव्हा तिने आमच्या तोंडावर हात ठेवला. तो ऐकत असतो म्हणे!

असो. त्या दिवशी आम्ही अडलो ते वेताळाच्या अटीपाशी. उत्तर ठाऊक असून गप्प राहशील तर डोक्याची शकले होतील. बोलशील तर मी पुन्हा झाडावर. सोमदेवाच्या चोविसाव्या कथेत राजा खरोखरच निरुत्तर होतो आणि तेथेच त्याची सुटका होते. न कळून गप्प राहणे निराळे, कळून गप्प राहणे निराळे.

आम्ही अंक मिटला आणि मघाशी तपासलेली एक उत्तरपत्रिका पुन्हा काढली. 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधाला आम्ही लाल शाईने शून्य दिले होते. पान कोरे होते. पण अगदीच कोरे नव्हते. वर 'शेतात बेबे' एवढे दोन शब्द लिहून खोडलेले होते. बेबो म्हणजे आम्हां कोंकणी माणसांचा बेडूक. मुलाला 'बेडूक' आठवला नसावा. किंवा आठवूनही तो त्याच्या शेतातला वाटला नसावा. पाचवीत असताना आम्ही वर्गात 'पाऊस'ऐवजी 'पावस' म्हणालो होतो. सारा वर्ग हसला होता आणि पुढे कित्येक महिने, उत्तर येत असतानाही, आमचा हात वर गेला नव्हता. हे आम्ही बरे विसरलो!

सोमवारी मधल्या सुट्टीत आम्ही त्याला बोलावून घेतले. शून्याबद्दल बोलणी बसणार, अशा समजुतीने तो मान खाली घालून उभा होता. आम्ही विचारले, "मागीर बेब्यांक कितें जालें?"

त्याने आधी दाराकडे पाहिले, मग आमच्याकडे. आणि मग बोलू लागला. बांध फुटल्याचे, काळोखात मामाबरोबर बत्ती घेऊन गेल्याचे, पाण्याबरोबर बेडकांची फौज घरात शिरल्याचे. घंटा झाली तरी त्याची गोष्ट संपेना. "हेच मराठीत लिहून आण, अडेल तेथे आपला शब्द घाल," असे सांगून आम्ही त्याला वर्गात पाठविले.

बुधवारी दीड पान आले. बेबे चार ठिकाणी होते आणि एकही खोडलेला नव्हता. चाचणीतले शून्य मात्र नियमाप्रमाणे तसेच राहिले. त्याला आमचा इलाज नव्हता.