हिवाळ्यातला बाजार

किंक्रांतीला नवं काही करू नये, असं आजी सांगायची. आमच्या पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाच्या कचेरीत बहुतेक कालनिर्णय नसावं. २०१८ सालची गोष्ट. १३ जानेवारीला, म्हणजे भोगीला, त्यांनी आपला सगळ्यात चांगला पिचर गेरिट कोल ह्यूस्टनला देऊन टाकला. १४ ला संक्रांत. आम्ही तिळगूळ वाटला, गोड गोड बोललो. आणि १५ ला, ऐन किंक्रांतीला, अँड्र्यू मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला गेला.

गेला म्हणजे, पाठवला.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची शाळेला सुट्टी होती. लेक नऊ वर्षांची होती तेव्हा. बातमी तिनेच आधी ऐकली. रडली वगैरे नाही. वर गेली, २२ नंबरचा काळा शर्ट घेऊन खाली आली आणि जुने कपडे देऊन टाकायच्या पिशवीत कोंबला. मग म्हणाली, "आता जेवायला काय आहे?"

पुण्याच्या मावशीने मागे विचारलं होतं, "तुम्हाला त्या बेसबॉलचं एवढं काय पडलंय रे?" तिच्यासाठी आणि इतर मंडळींसाठी थोडं सविस्तर लिहितो. माहिती असेल त्यांनी पुढे सरकावं, शेवटी आबा येतात तेव्हा भेटू.

बेसबॉलचा हंगाम मार्चच्या शेवटी सुरू होतो. १६२ सामने. ऑक्टोबरात मोजके संघ पुढे खेळतात, बाकीचे घरी. मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी खेळ बंद आणि बाजार सुरू. कोण कुणाला विकतो, कोण कुणाला घेतो, कोण करार संपवून निघून जातो. आमच्या संघाचं नाव पायरेट्स, म्हणजे चाचे. हे नावही अशाच एका हिवाळ्याने दिलेलं. १८९० चा हंगाम संपल्यावर पिट्सबर्गने लू बिअरबावर नावाचा फिलाडेल्फियाचा खेळाडू पटकावला. तिकडच्या लोकांनी ही चाचेगिरी आहे म्हणून ओरड केली, आणि आमच्या लोकांनी तीच शिवी नाव म्हणून लावून घेतली. गंमत अशी की पुढे लुटलं जायची पाळी बहुतेक वेळा आमच्यावरच आली.

१९९२ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी पायरेट्स जागतिक मालिकेपासून तीन बळी दूर होते, शेवटच्या डावात २-० ने पुढे. अटलांटाने तीन धावा काढून सामना नेला. विजयाची धाव काढणारा सिड ब्रीम हा दोन हिवाळ्यांआधी आम्हालाच सोडून गेलेला खेळाडू. त्याला बाद करायला चेंडू फेकला बॅरी बाँड्सने, तो हुकला. आणि त्याच डिसेंबरात बाँड्सही गेला, सॅन फ्रान्सिस्कोलाच. त्यानंतर सलग २० हंगाम पायरेट्सनी जिंकण्यापेक्षा जास्त सामने गमावले. १९९३ ते २०१२. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक संघाच्या नावावर एवढी लांब रांग नव्हती.

मी या गावात आलो तो या वीस वर्षांच्या मधोमध. गावही तसंच होतं. पोलादाचे कारखाने कधीच बंद पडलेले. १९५० साली पावणेसात लाख वस्ती होती, २०२० ला तीन लाखांच्या आसपास उरली. होमस्टेडला गेलात तर जुन्या कारखान्याच्या धुराड्यांची एक रांग दुकानांच्या शेजारी अजून उभी दिसते. मी सोलापूरचा. बंद गिरणीचं धुराडं मला नवीन नव्हतं. आबांनी उभी हयात गिरणीत काढली आणि गिरणी त्यांच्याआधी निवृत्त झाली. त्यामुळे सुरुवातीला नदीकाठी उभं राहिलं की परदेशात आल्यासारखं वाटायचंच नाही.

मॅककचन २००९ मध्ये या संघात उतरला. २०१२ मध्ये त्याने सहा वर्षांचा, ५ कोटी १५ लाख डॉलरचा करार केला. त्याच्या तोडीच्या खेळाडूसाठी ही रक्कम कमीच होती. २०१३ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी ती वीस वर्षांची साडेसाती संपली. १ ऑक्टोबर २०१३ ला सिनसिनाटीविरुद्धचा बाद फेरीचा सामना आम्ही बघितला. चाळीस हजार माणसं काळे कपडे घालून आलेली. आपल्याकडे शुभप्रसंगी काळं घालत नाहीत हे मी बायकोला म्हटलं, तर ती म्हणाली, "संक्रांत समज." लेक पाच वर्षांची होती, माझ्या खांद्यावर. तो २२ नंबरचा शर्ट मी पुढे काही वर्षांनी घेतला, मुद्दाम एक माप मोठा.

आता त्याला विकलं का? हिशेब सरळ आहे. नवा खेळाडू मोठ्या संघात आला की साधारण सहा हंगाम त्या संघाच्या ताब्यात असतो. नंतर तो मोकळा, जो जास्त देईल त्याच्याकडे जाईल. याच गावातले स्टीलर्स आणि पेंग्विन्स ज्या खेळांत आहेत तिथे संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. बेसबॉलमध्ये तेव्हा ती नव्हती. फार खर्च केला तर कर भरायचा, एवढंच. त्यामुळे छोट्या गावाचे संघ मुदत संपायच्या आधी खेळाडू विकतात, म्हणजे निदान बदल्यात काहीतरी येतं. मॅककचनच्या करारात एक वर्ष उरलं होतं, कोलची दोन. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क यांकीजनी कोलला नऊ वर्षांसाठी ३२ कोटी ४० लाख डॉलर कबूल केले. आमच्याकडून ते होणं शक्यच नव्हतं. हे सगळं मला कळत होतं. कळून काही उपयोग झाला नाही, हा भाग वेगळा.

त्या रात्री मी आबांना फोन लावला. त्यांच्याकडे सकाळ झालेली. सिद्धेश्वराची यात्रा चालू होती, आदल्या दिवशी ते गड्ड्यावर जाऊन आले होते. मी तक्रार सुरू केली. आबांना बेसबॉल कळत नव्हतं, पण बाजार कळायचा. २००८ ला आयपीएलचा पहिला लिलाव झाला तेव्हा "माणसांचा बैलबाजार मांडलाय" म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला होता. मला वाटलं आताही तसंच म्हणतील.

"बदल्यात काय आलं?" त्यांनी विचारलं.

"एक पिचर, बरा आहे म्हणतात. आणि ब्रायन रेनॉल्ड्स म्हणून एक पोरगा. मोठ्या मैदानावर एकदाही उतरलेला नाही."

"म्हणजे खोंड आलं. मग दोन वर्षं चारा घालून बघायचं. खोंडाला आल्या दिवशी नावं ठेवू नयेत."

मी चिडलो. म्हटलं, आबा, हा बैल नाही, माणूस आहे. नऊ हंगाम खेळला इथे. मुलं त्याच्या नावाचे शर्ट घालतात. असं कसं कुणी देऊन टाकतं?

आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तू सोलापूर सोडलंस तेव्हा मी कुणावर चिडायचं होतं?"

काय बोलणार? मी विकलो गेलो नव्हतो, स्वतःच्या पायाने, जास्त पगारासाठी आलो होतो. खरं तर मी मॅककचनपेक्षा बाँड्सच्याच जातीचा. आणि बाँड्सला मी वीस वर्षं नावं ठेवत आलो होतो.

त्यांना माझं गप्प होणं कळलं असावं. विषय बदलल्यासारखं करून ते आजोबांबद्दल बोलायला लागले. मंगळवेढ्याकडे आमची ज्वारीची जमीन होती. आजोबा खिलार बैल बाळगायचे आणि वेळ आली की विकायचे. पण विकताना दावं द्यायचे नाहीत. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं. बैल गेला की जुनं दावं गोठ्यातल्या खुंटीला अडकवायचं.

"का पण?"

"ते कधी बोलले नाहीत. पण ते दावं दुसऱ्या बैलाला बांधलेलं मी तरी पाहिलं नाही."

फोन ठेवल्यावर मी पिशवीतून शर्ट काढला आणि माझ्या कपाटात आतल्या बाजूला टांगला.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्याच मे महिन्यात मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोकडून इथे खेळायला आला. तो पहिल्यांदा बॅट घेऊन उभा राहिला तेव्हा अख्खं मैदान उठलं, टाळ्या थांबेनात. विरुद्ध संघाचा माणूस! लेक खुर्चीवर उभी राहिली होती. २०१९ मध्ये रेनॉल्ड्स मोठ्या संघात आला आणि पहिल्याच हंगामात त्याची सरासरी .३१४ होती. ही उत्तम असते. आबांना सांगितलं तर म्हणाले, "चाललं म्हणायचं खोंड." त्या आवाजात जिंकल्याचा आनंद होता :-)

२०२० च्या टाळेबंदीत आबा गेले. जाता आलं नाही. त्याबद्दल अजून लिहिता येत नाही.

संघाचं म्हणाल तर २०२१ मध्ये १०१ पराभव, २०२२ मध्ये १००. इथे माझी खरी तक्रार आहे आणि आबा असते तर त्यांनाही पटली असती. बैल विकण्याबद्दल नाहीच बोलत मी. पण विकल्यावर गोठा भरायला हवा. एकट्या खोंडाच्या मानेवर जू ठेवून नांगरट होत नाही. दर हिवाळ्यात "पुढच्या वर्षी" ऐकायचं आणि दर उन्हाळ्यात धुपाटणं हाती घ्यायचं, याला छोट्या गावाची अडचण हे कारण कितीदा पुरणार?

आणि मग जानेवारी २०२३. मॅककचन परत आला. एक वर्ष, ५० लाख डॉलर. वय ३६. एप्रिलमध्ये घरच्या मैदानावरचा पहिला सामना, तेच उभं राहणं, त्याच टाळ्या. त्याच महिन्यात संघाने रेनॉल्ड्सशी आठ वर्षांचा करार केला, साडेदहा कोटी डॉलरहून मोठा. पायरेट्सच्या इतिहासात तोवर एवढी रक्कम कुणाला दिली गेली नव्हती. म्हणजे विकलेला बैल आणि त्याच्या बदल्यात आलेलं खोंड, दोघं एकाच गोठ्यात. मी टाळ्या वाजवता वाजवता खिशातला फोन चाचपला. सोलापूरला सकाळ होत असणार, असा हिशेब डोक्यात झालासुद्धा. मग आठवलं.

त्या दिवशी मला एवढं कळलं की २०१८ चा तो सौदा बरोबर होता आणि मला झालेलं दुःखही बरोबर होतं. मी पाच वर्षं या दोनपैकी एक खोटं ठरवायला बघत होतो. ते ठरवायची गरजच नव्हती. आबांनीही मला कधी "जाऊ नको" म्हटलं नव्हतं आणि "बरं झालं गेलास" असंही म्हटलं नव्हतं.

मॅककचनचे एकेक वर्षाचे करार होत राहिले. जून २०२५ मध्ये पायरेट्ससाठी त्याचा २४१ वा होमरन झाला आणि त्याने रोबर्तो क्लेमेंटेला मागे टाकलं. ज्या क्लेमेंटेच्या नावाच्या पुलावरून आम्ही चालत मैदानात जातो, तो. त्याच ऑक्टोबरात तो ३९ वर्षांचा झाला आणि करार पुन्हा संपला. त्या हिवाळ्यात संघाने चक्क खरेदी केली. डिसेंबरात टँपाकडून ब्रँडन लाउ आणला, जानेवारीत रायन ओहर्नला दोन वर्षांसाठी २ कोटी ९० लाख डॉलर दिले. म्हणजे मी इतकी वर्षं जे मागत होतो तेच झालं, गोठा भरायला घेतला. आणि जानेवारी संपत आला तरी मी रोज सकाळी बातम्यांत २२ नंबरचंच नाव शोधत होतो.

लेक समोर बसून कॉलेजचे अर्ज भरत होती. आता सतरा वर्षांची. यादीतलं एकही कॉलेज पिट्सबर्गमधलं नाही, हे मी मोजून ठेवलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, ३९ वर्षांच्या माणसाला घेण्यापेक्षा ओहर्नला घेतलं हेच बरोबर आहे."

"हो," मी म्हटलं. बरोबरच होतं.

थोड्या वेळाने म्हणाली, "तो माझा शर्ट आहे ना अजून तुमच्याकडे? जाताना मी नेते. होत नाही आता, पण भिंतीवर लावीन."

दुसरं काहीही मागितलं असतं तर लगेच दिलं असतं. मी म्हटलं, "तुला नवा घेऊ. तो इथेच राहू दे."

तिने का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. आजोबासुद्धा कधी बोलले नव्हते.