रक्त कमी म्हणजे लोह कमी, असं नेहमी नसतं

लालबाग-परळच्या मंडळांची आरोग्य शिबिरं आता सगळ्यांच्या ओळखीची झालीत. बोटाला टोचायचं, हिमोग्लोबिन बघायचं, कमी निघालं की लोहाच्या गोळ्यांची पट्टी हातात. वर सल्ला : बीट खा, खजूर खा. उपक्रम चांगलाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. त्यातल्या अनेकींना लोह हवंच आहे.

पण मला अकरा वर्षं आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. सकाळी तासभर बोटं मिटत नाहीत. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. तीन ठिकाणी त्याच गोळ्या मिळाल्या. सुजलेला हात टेबलावर होता, त्याच हाताचं बोट टोचलं, पण सांध्यांबद्दल कुणी विचारलं नाही. सहा महिन्यांनी आकडा तिथल्या तिथे, वर बद्धकोष्ठ.

असं का होतं, ते समजून घ्या. नवं रक्त बनवायला शरीराला रोज साधारण २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. जेवणातून येतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. बाकीचं जुन्या तांबड्या पेशी मोडून पुन्हा वापरलं जातं. आमवातात अंगात सतत सूज असते. त्या सुजेमुळे यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं, आणि ते लोहाच्या कोठाराला कुलूप घालतं. जुन्या पेशींचं लोह आतच अडकतं, आतड्यातूनही नवं फारसं आत येत नाही. जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे. इथे जंतू नाहीत, कुलूप मात्र कायम. मग बीट काय करणार? (तसंही बीट लाल असतं म्हणून त्यात फार लोह असतं असं नाही, पण हे माझ्या आईला कोण सांगणार!)

उलटही होतं. वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या खाऊन पोटात हळूहळू रक्तस्राव होतो आणि खरंच लोह कमी पडतं. दोन्ही एकाच बाईत असू शकतं. सुजेत फेरिटिन वाढतं, त्यामुळे नुसता फेरिटिनचा 'नॉर्मल' रिपोर्टही फसवतो. सोबत सीआरपी आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन बघावं लागतं. माझा आकडा पुढे अकराच्या वर गेला तो सूज आटोक्यात आल्यावर.

परळला हा धडा नवा नाही. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. हाफकिन संस्थेत राहून तिने गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा ॲनिमिया अभ्यासला. लोह कमी असलं की तांबड्या पेशी लहान होतात. या बायकांच्या मोठ्या होत्या. उपाय सापडला यीस्टच्या अर्कात, मार्माइटमध्ये. १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट. मेथोट्रेक्सेटसोबत मला फॉलिक ॲसिडची गोळी मिळते ती त्याचीच.

शिबिरवाल्यांनो, फॉर्मवर एक ओळ वाढवा : 'सांधे सुजतात का? दुखण्याच्या गोळ्या रोज घेता का?' उत्तर 'हो' आलं तर गोळ्यांच्या पट्टीसोबत मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीची चिठ्ठीही द्या. आणि बायांनो, हे वाचून चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. गरोदर असाल तर मुळीच नाही.