कुटाचा डबा

गेल्या चैत्रात आईकडे चार दिवस राहायला गेले होते. तिने केलेल्या काकडीच्या कोशिंबिरीचा पहिला घास घेतला आणि थबकले. दाण्याचे कूट खवट झाले होते. आई मात्र शांतपणे जेवत होती. एकेकाळी शेजारच्या घरात दूध करपले तरी जिला वासावरून कळत असे, त्या माझ्या ८२ वर्षांच्या आईला ताटातला खवटपणा जाणवत नव्हता.

जेवणानंतर कुटाची बरणी खाली काढली. कधीकाळी काचेसारखी नितळ असलेली ती प्लास्टिकची बरणी आता धुरकट झाली होती. आतून असंख्य चरे पडले होते, झाकणाला चीर गेली होती आणि दोनदा धुऊनही बोटाला तेलकट चिकटा लागत होता. जुन्या कुटावरच नवे कूट भरले जात होते. मी घाईने म्हणून गेले, "आई, हे सगळे डबे आजच टाकून देऊ."

"आधी डबे, मग मी!" ती म्हणाली. ती बरणी बाबांनी हौसेने आणलेल्या संचातली होती, हे मी विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी चादर अंथरून आम्ही दोघी डबे तपासायला बसलो. प्लास्टिकच्या डब्याची मुदत सहसा वर्षांत मोजता येत नाही. त्याची अवस्था पाहावी लागते. तडा गेलेला, वाकडा झालेला, झाकण घट्ट न बसणारा, धुऊन वाळवल्यावरही वास किंवा चिकटपणा न सोडणारा डबा अन्नासाठी ठेवू नये. खोल चऱ्यांत अन्नकण आणि जंतू अडकून राहतात. वरवर धुऊन ते निघत नाहीत. हळदीचा पिवळा डाग मात्र केवळ रंगाचा असतो. तेवढ्यासाठी चांगला डबा टाकण्याचे कारण नाही.

तळाशी त्रिकोणातला आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. १ म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक. त्यात गरम पदार्थ भरू नयेत. हा आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो, डबा अजून धड आहे की नाही हे सांगत नाही. पेला आणि काट्याचे चिन्ह असेल, तर तो अन्नासाठी बनवलेला असतो. श्रीखंडाचे रिकामे डबे थंड पदार्थासाठी केलेले असतात आणि आई त्यांत गरम वरण ओतून ठेवत असे. उष्णता, तेल आणि आंबटपणा यांमुळे प्लास्टिकमधील घटक अन्नात उतरण्याची शक्यता वाढते. म्हणून गरम आमटी आणि लोणचे यांना प्लास्टिक नकोच.

हे सारे मी सांगत होते. निवाडा मात्र आई करत होती. चष्मा लावून, डबा उजेडात धरून, आतून बोट फिरवून ती एकेक बाजूला ठेवू लागली. फक्त वासासाठी डबा माझ्याकडे देई. काचेच्या बरण्या आणू का, असे विचारले, तेव्हा तिने आपले थरथरणारे हात पुढे केले. "निसटली तर काचा कोण वेचणार?" मग आम्ही हलक्या स्टीलचे, सहज उघडणाऱ्या झाकणांचे लहान डबे आणले. लहान अशासाठी, की एका वेळी थोडेच भरावे, लवकर संपावे आणि धुतल्याशिवाय नवे भरू नये. प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत पदार्थाचे नाव आणि भरल्याची तारीख लिहिली.

वयपरत्वे नाक, डोळे आणि बोटांची संवेदना मंदावते आणि डबा बदलण्याची वेळ ओळखायची ती नेमकी याच तिघांनी. ज्येष्ठांच्या स्वयंपाकघरात म्हणूनच अधूनमधून दुसऱ्या कुणीतरी डोकावावे. पण त्यांना शेजारी बसवून.

बाबांची बरणी आईने टाकली नाही. तिच्यात आता बटणे आणि दोऱ्याची रिळे असतात. मी गेले की आम्ही डबे उघडतो. वास मी घेते; कूट जाडसर हवे की बारीक, हे अजून तीच ठरवते.