मेईच्या हातातलं कणीस

आईच्या शस्त्रक्रियेनंतर सगळं घर फोनकडे कान लावून होतं. त्याच दिवसांत भाचीबरोबर ‘माय नेबर टोटोरो’ पाहिला. हायाओ मियाझाकींचा हा जपानी चित्रपट १९८८ सालचा. भाची त्यातल्या मांजराच्या बसवर खूश होती. माझं मन मात्र गोष्टीतल्या दवाखान्यात अडकलं.

सात्सुकी आणि मेई या बहिणींची आई तिथे आहे. तिचा आजार कोणता, हे चित्रपट सांगत नाही. मियाझाकींच्या लहानपणी त्यांच्या आईला मणक्याचा क्षय होता. ती वर्षानुवर्षं आजारी होती. हे कळल्यावर चित्रपटाचं ते मौन मला अधिक जवळचं वाटलं.

सात्सुकी वडिलांचे आणि बहिणीचे डबे भरते, मेईला सांभाळते. आईचं घरी येणं लांबतं, तेव्हा मात्र ती शेजारच्या आजीपाशी रडू लागते. खंबीर राहणाऱ्या माणसाला विचारपूस करणारं कुणी हवं असतं, हे मला त्या रडण्यात दिसलं. घरातल्या कितीजणांना मी असं विचारलं होतं?

आणि मेई. ताज्या भाजीने आई बरी होईल, असं आजीकडून ऐकून ती कणीस छातीशी धरून एकटीच आईकडे निघते. मोठी माणसं रिपोर्ट, औषधं, पथ्यं घेऊन निघतात. पण त्या सगळ्याखाली तेच कणीस असतं, असं मला वाटतं.

कणसाने आजार बरा होत नाही. तरी ते पोहोचायलाच हवं, असं इतकं का वाटतं, ते मला अजून नीट उमगलेलं नाही.