काम पडलं म्हणून

इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातून कधीच निघून गेलेला एक शब्द माझ्या मनात घर करून आहे: 'एस्टोव्हर्स'. सामाईक रानातून गरजेपुरतं लाकूड आणण्याचा हक्क. घराच्या डागडुजीला, चुलीला, नांगराला, कुंपणाला. तो आला जुन्या फ्रेंचमधून. त्याच्या मुळाशी कोशकार लॅटिनमधलं 'ओपुस एस्त' दाखवतात. ओपुस म्हणजे काम, आणि दोन्ही मिळून 'गरज आहे'. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. 'बल्लीचं काम पडलं' म्हणत माणूस रानाकडे निघतो, तो गरजेपोटीच.

१२१७ साली मॅग्ना कार्टा पुन्हा जारी झाला, तेव्हा विधवेला सामाईकातून तिचं वाजवी एस्टोव्हर्स मिळावं, असं त्यात लिहिलं गेलं. नवरा गेलेल्या बाईची चूल विझू नये, याची काळजी राजाच्या सनदेत यावी, हे मला फार मोठं वाटतं. पुढे इंग्लंडातली बहुतेक सामाईक रानं-कुरणं कुंपणाआड गेली. शब्दही गेला.

आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ जिवंत आहे: निस्तार. सरपण, बांबू, बल्ल्या, चराई या गावाच्या गरजा चांदा जिल्ह्यात जुन्या मध्य प्रांताच्या काळापासून याच नावानं कागदावर येत. 'आपलं आपण निस्तर' म्हणतो, त्यातलाच हा धातू: पार पडणं, तरून जाणं. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या इंग्रजी पाठातही तिसऱ्या कलमात 'निस्तार' जसाच्या तसा आहे. बरं झालं.

पण गरज किती, हे ठरवायचं कुणी? सगळी झुंज इथेच आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी स्वतःचा बांबू विकायला नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हाती होता. परवानापुस्तक ग्रामसभेकडे यायला २७ एप्रिल २०११ उजाडला. आणि गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं हक्क हाती आल्यावर तेंदूपत्ता तोडणंच थांबवलं. पानांसाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, आणि पान शेवटी विडीत जातं, म्हणून. हातचा पैसा सोडून गावानं ठरवलं, याचं आपल्याला काम नाही.