अंधारीतले गणित

√२ अपूर्णांकात मांडता येत नाही, हे शिकवताना मी म्हणालो, "मांडता येतो असे मानू."

एका मुलाने विचारले, "गुरुजी, खोटे का मानायचे?"

मी त्याला दटावून गप्प बसवले.

पुढे दौलताबादला सहल गेली. शत्रूला चकवण्यासाठी कोरलेल्या अंधारीत तोच मुलगा माझा हात धरून चालत होता. तिथेच उत्तर सुचले : चुकीची वाट शेवटपर्यंत चालल्यावरच खुंटलेली दिसते.

बाहेर येऊन मी मातीत काडीने मांडले. √२ = अ/ब, अतिसंक्षिप्त रूप. म्हणून अ² = २ब²; अर्थात अ सम. अ = २क घेतला की ब² = २क²; ब सुद्धा सम! दोघांनाही २ ने भाग गेला, मग अतिसंक्षिप्त कसले?

"म्हणजे पहिले पाऊलच चुकले," मुलगा म्हणाला.

"माझेही," मी म्हणालो, "त्या दिवशी वर्गात."