आह्निकाची चिकित्सा

आमची एक पुतणी इंग्लंडात एका काउंटीच्या समाजसेवा खात्यात नोकरीस आहे. तिच्या हुद्द्याचे नाव 'सीनियर ऑक्युपेशनल थेरपिस्ट' असे असून, हे नाव उच्चारल्याबरोबर समोरचा गृहस्थ काय विचारणार हे आता आम्हांस पाठ झाले आहे. "म्हणजे नेमके काय करते?" कोणी समजतो, लोकांस नोकऱ्या लावून देते, कोणी समजतो, हातपाय चोळून व्यायाम करविते. आमच्या सकाळच्या फिरण्यातले एक निवृत्त बँक अधिकारी तर, बुडीत धंद्यांवर इलाज सांगणारे हे एखादे खाते असावे, अशा समजुतीने दोन वर्षे होते. त्यांस तरी दोष कसा द्यावा? मराठीत या विद्येस 'व्यवसायोपचार' असा प्रतिशब्द रूढ झाला आहे, आणि व्यवसाय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दुकान, वकिली अगर दवाखाना उभा राहतो.

वस्तुतः हा शब्द चांगल्या कुळातला आहे. आपण त्यास बाजारात नेऊन बसविले, त्याला तो काय करणार! 'वि' आणि 'अव' हे दोन उपसर्ग लागून 'सो' धातूपासून तो सिद्ध झाला असून संस्कृतात त्याचा मुख्य अर्थ निश्चय अथवा उद्यम असा आहे. गीतेतही तो याच अर्थाने आला आहे. मनुष्य एखादी गोष्ट करावयाची असे मनाशी ठरवितो आणि ती करावयास हात पुढे करतो, तो व्यवसाय. या अर्थाने अंथरुणावरून उठणे हाही व्यवसाय आणि सदऱ्याची गुंडी लावणे हाही व्यवसायच. तथापि आम्हांस विचाराल तर या विद्येस 'आह्निकोपचार' म्हणावे. पहाटे उठल्यापासून रात्री निजेपर्यंत मनुष्याने क्रमाने काय काय करावयाचे, त्याचे नाव आह्निक. मुखमार्जन, स्नान, वस्त्र, भोजन, शयन या साऱ्यांचा आपल्या धर्मग्रंथकारांनी केवढ्या तपशिलाने विचार केला आहे! हे आह्निक दुखण्याने, अपघाताने अगर वार्धक्याने मोडले म्हणजे पुन्हा कसे जोडावे, हा या विद्येचा विषय. डॉक्टर विचारतो, काय दुखते? ही मुलगी विचारते, काय करावयाचे राहून जाते?

विद्या फार जुनी नाही. १९१७ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी काही मंडळींनी जमून तिची पहिली राष्ट्रीय संस्था काढली. इंग्लंडात डॉ. एलिझाबेथ कॅसन या विदुषीने १९३० साली ब्रिस्टल येथे पहिली शाळा स्थापिली. आपल्याकडे ती आणण्याचे श्रेय कमलाबाई निंबकर यांस आहे. या बाई जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. मराठी घरात लग्न करून आल्या, कमला झाल्या, आणि पुढे ही विद्या शिकून त्यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तिची शाळा उघडली. १९५२ साली या विद्येचा जागतिक संघ स्थापन झाला तेव्हा दहा संस्थापक राष्ट्रांत भारताचे नाव होते. सासर मानून आलेल्या एका परदेशी सुनेने आपल्या मुलींच्या हाती हे ज्ञान दिले आणि आता त्यांतल्याच काही मुली ते घेऊन सातासमुद्रांपलीकडे जातात, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

दोन वर्षांपूर्वी पुतणीच्या आग्रहावरून आम्ही तिच्याकडे तीन महिने राहिलो. सकाळी ती मोटारीत टेप, वह्या, काठीला बसवायचे रबरी बूट, खाटेखाली ठेवावयाचे ठोकळे असे सुताराच्या पोराला शोभेल ते सामान भरून बाहेर पडे. कोणाच्या घरी गेली, त्याचे नाव काय, हे तिने कधीही सांगितले नाही. तो त्यांच्या धंद्याचा कडक नियम आहे. घटना मात्र नाव-गाव गाळून सांगे आणि आम्ही रात्रीच्या जेवणावर ऐकत असू.

तेथे २०१४ साली एक कायदा झाला. त्यान्वये ज्या कोणा प्रौढ माणसास साह्याची गरज असावी असे दिसेल त्याची पाहणी करणे स्थानिक मंडळास बंधनकारक आहे, मग तो माणूस श्रीमंत असो की दरिद्री. पाहावयाच्या दहा बाबी नेमून दिल्या आहेत. अन्नपाणी, अंगाची स्वच्छता, शौचविधी, योग्य वस्त्र, घरात निर्धास्त वावरणे, घर राहण्याजोगे ठेवणे, आप्तेष्टांशी संबंध, काम अथवा शिक्षण, गावातल्या सोयींचा उपयोग आणि मुलांचे संगोपन. आजाराने अगर व्यंगाने यांतल्या दोन किंवा अधिक गोष्टी जमेनाशा झाल्या आणि त्यामुळे जीवितावर मोठा परिणाम होऊ लागला, तर मंडळाने साह्य करावयाचे. ही यादी वाचून आम्ही पुतणीस म्हणालो, "अगं, हे तर तुमच्या पार्लमेंटने आह्निकसूत्रच केले! संध्या तेवढी राहिली." ती म्हणाली, "काका, ज्याला संध्या करावयाची असेल त्याची तीही आम्ही विचारतो. देवळात जाता येत नाही हेही आमच्या कागदावर येते."

खुर्ची किती उंच असावी हे ठरविण्यासाठी गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंत पाय मोजावा लागतो, हे आम्हांस तिच्याकडूनच कळले. खुर्ची त्याहून फार खाली असली म्हणजे धडधाकट दिसणारा म्हाताराही तीतून उठू शकत नाही, आणि घरचे समजतात की याची शक्ती गेली. दोन इंचांचे ठोकळे खुर्चीच्या पायांखाली गेले की शक्ती परत येते!

तिने सांगितलेल्या हकीकतींपैकी एक आमच्या मनातून जात नाही. एक वृद्ध गृहस्थ, वय ८८, पूर्वी रेल्वेत गार्ड, पत्नी निवर्तलेली. घर दुमजली, जिना अरुंद आणि उभा. निजण्याची खोली वर, न्हाणीघरही वर. पार्किन्सनच्या कंपवाताने पाय मध्येच जागी खिळत. दोनदा जिन्यात पडले. दूरच्या शहरात राहणाऱ्या मुलाचे म्हणणे, यांस वृद्धाश्रमात ठेवा, निदान खाट तरी खाली आणा. बापाचे म्हणणे एकच: बायकोसह चाळीस वर्षे ज्या खोलीत निजलो तेथेच निजणार. आपल्याकडे असा प्रसंग आला तर थोरल्या मुलाने खाट खाली आणली असती आणि चार शेजाऱ्यांनी त्यास सुपुत्र म्हटले असते. पण तेथे २००५ सालचा एक कायदा आहे. एखाद्याचा निर्णय शहाणपणाचा नाही एवढ्याच कारणाने त्यास निर्णय करण्याची बुद्धी नाही असे धरता येत नाही. सांगितलेले त्यास समजते काय, मनात राहते काय, त्याचे बरेवाईट तोलता येते काय, आणि आपले म्हणणे कोणत्याही रीतीने कळविता येते काय, एवढे पाहावयाचे. गार्डसाहेब चारही कसोट्यांस उतरले. "पडून मरेन हे मला कळते," ते म्हणाले, "पण खाली निजून जगण्यापेक्षा मला ते पत्करते."

जिना मध्येच वळत असल्याने आणि रुंदी अपुरी असल्याने विजेवर चढणारी खुर्ची बसेना. तेव्हा दुसऱ्या भिंतीसही कठडा लावला. औषधाच्या गोळीचा अंमल चांगला असेल त्याच वेळी जिना चढावयाचा, दिवसातून एकदाच, असे वेळापत्रक केले. जन्मभर वेळापत्रकावर गाड्या सोडलेल्या माणसास ते फार रुचले. गळ्यात संकटाची घंटा दिली. त्यानंतरही ते एकदा पडलेच आणि मुलाचे अतिशय कडक पत्र आले. पाहणी पुतणीच्या हाताखालच्या एका नवशिक्या मुलीने केली होती. उत्तर मात्र पुतणीने आपल्या सहीने धाडले, आणि त्या मुलीस समोर बसवून प्रत्येक टिपण पुन्हा वाचून घेतले. हुद्द्यामागे 'सीनियर' लागते त्याचा अर्थ आम्ही तेव्हा समजलो. ते चार-पाच दिवस पुतणीचे जेवणाकडे लक्ष नव्हते. गार्डसाहेब पुढे चौदा महिने त्या घरात राहिले आणि वरच्या खोलीतच वारले.

एरवी वरिष्ठपणाचा पुष्कळ भाग कागदांत जातो. न्हाणीघर बदलणे, दार रुंद करणे अशा मोठ्या फेरफारांस १९९६ सालच्या कायद्याप्रमाणे सरकारी अनुदान मिळते; इंग्लंडात त्याची कमाल मर्यादा २००८ साली ३०,००० पौंड ठरली ती पुढे बरीच वर्षे हलली नाही, बांधकामाचे दर मात्र हलत राहिले. ते मिळण्यासाठी फेरफार 'आवश्यक' आहे आणि 'योग्य'ही आहे, असे दोन्ही सिद्ध करावे लागते. मीमांसकांप्रमाणे एकेका शब्दाचा कीस पाडीत ती रात्री बसे. शिवाय वाट पाहणाऱ्यांची यादी लांबच लांब. कोणास आज पाहावयाचे आणि कोणास दोन महिन्यांनी, हे ठरविणे तिच्याकडे. तेथील सारेच गोड आहे असे नव्हे. भाडोत्री सेविका दारावरची किल्लीपेटी उघडून आत येते, पंधरा-वीस मिनिटांत म्हातारीचे तोंड धुऊन, दोन घास देऊन निघून जाते, आणि मग संध्याकाळपर्यंत त्या घरात दुसरा आवाज नाही. हे ऐकून आमच्या पोटात कालवले. साधनांची एवढी रेलचेल, आणि 'आजी, जेवलात का?' असे विचारणारे घरात कोणी नाही!

पण आपल्या घराकडे वळावे तर तेथे याच्या नेमके उलट. आमच्या थोरल्या वहिनींस, म्हणजे या पुतणीच्या मातोश्रींस, अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू दुबळी झाली. वाईचे घर जुने आणि माणसांनी भरलेले. दोन्ही सुना कर्तव्यदक्ष. वहिनींस कोणी काडी उचलू देत नसे. घास भरविणे, वेणी घालणे, लुगडे नेसविणे, सारे सुनांच्या हातचे. तरी दीड वर्षात वहिनी बोलेनाशा झाल्या. डॉक्टरांस नवे काही सापडेना. "भाऊजी, मला आता कशासाठी ठेवले आहे हो?" एवढेच त्या आम्हांस अधूनमधून विचारीत.

गेल्या पावसाळ्यात पुतणी तीन आठवड्यांच्या रजेवर आली. पोटच्या माणसाची चिकित्सा आपण करू नये म्हणून तिने मुंबईच्या एका जुन्या सहाध्यायिनीस बोलावून घेतले आणि स्वतः टेप धरून उभी राहिली. त्या बाईंनी वहिनींस विचारले, "दिवसातले काय गेले म्हणून वाईट वाटते?" वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "रात्री सूनबाईला उठवावे लागते." आणि थोड्या वेळाने, "देवाच्या वाती."

पहिल्यासाठी खाट चार बोटे उंच झाली, तिच्या डाव्या अंगास धरावयास गज आला, न्हाणीघरात खुर्चीसारखे शौचपात्र आणि भिंतीस दांडी आली. उंबऱ्यावर आमचे अडले. तो पणजोबांच्या वेळचा सागवानी उंबरा. त्यास करवत लावावयास कोणी धजेना. शेवटी दोन्ही बाजूंनी उतरती फळी ठोकली, आणि लक्ष्मी तीवरूनही येईल असे भटजींनी सांगितले. वातींचे काम सोपे निघाले. वात मुळी एका तळहाताने पाटावर वळावयाची असते. उजव्या हाताने कापूस नुसता दाबून धरला तरी डाव्याने वळता येते. पहिल्या दिवशीच्या वाती उंदराने कुरतडल्यासारख्या होत्या.

यावरून घरात थोडे वादळ झाले. शेजारच्या काकूंनी 'दोन सुना असताना म्हातारीला कामाला लावले' असे म्हणून घेतले. थोरल्या सूनबाई तर रडकुंडीस आल्या. "वन्सं, माझ्या करण्यात काही उणे पडले का?" पुतणीने त्यांस जवळ बसविले आणि विचारले, "रात्रीतून किती वेळा उठतेस?" "तीनदा." "पाठ केव्हापासून दुखते?" हे आजवर कोणी विचारले नव्हते, आम्हां पुरुषमंडळींस तर सूनबाईंस पाठ आहे हेच ठाऊक नव्हते म्हणावयाचे! तेथल्या कायद्यात जो सेवा करतो त्याचीही स्वतंत्र पाहणी करावी असे आहे, असे तिने आम्हांस सांगितले. मग उठविताना काखेत हात घालून ओढावयाचे नाही, रुग्णास खाटेच्या कडेला सरकवून, पाय मागे घेऊन, पुढे वाकवावयाचे आणि त्याच्याच जोराने उठू द्यावयाचे, हे तिने दोघी सुनांस आणि आमच्या पुतण्यासही शिकविले. पुतण्यास दोनदा जास्त शिकवावे लागले.

वहिनी आता रात्री दांडी धरून आपल्या आपण जातात. पडण्याची भीती गेलेली नाही. काठीचा ठोका ऐकू आला म्हणजे आम्ही अंथरुणात जागे असतो आणि परतीचा ठोका ऐकेपर्यंत कूस बदलीत नाही. उठून मात्र जात नाही. कार्तिकात काकड्यासाठी त्यांच्या वातींचा डबा देवळात गेला. सूनबाईंनी वळलेल्या वाती वहिनी निवडून परत करतात, त्यांस पीळ सैल असतो म्हणे. शेजारच्या काकूंच्या यजमानांस हल्ली खुर्चीतून उठवत नाही. परवा त्या सुतळी घेऊन आल्या होत्या, पाय कोठून कोठवर मोजावयाचा ते विचारावयास. आम्ही खोबणीपासून टाचेपर्यंत दाखविले, आणि पुतणीस कळवावयाचे असल्यामुळे वितींऐवजी सेंटिमीटरमध्ये लिहून घेतले.